बंद दारामागचा व्यापार : अमेरिकी उपनगरांतील अंमली पदार्थांची घरे आणि पोलीस

उपनगर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गजबजलेले रेल्वे स्थानक, दाटीने उभ्या इमारती आणि माणसांची अखंड वर्दळ येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उपनगराचे रूप याहून अगदी निराळे असते. रुंद, शांत रस्ता. त्याच्या दुतर्फा एकमजली वा दुमजली स्वतंत्र घरे. प्रत्येक घरापुढे हिरवळीचा एक तुकडा, बाजूला मोटार ठेवण्याची खोली आणि मागे कुंपण घातलेले परसू. दिवसा या रस्त्यावर माणूस क्वचितच दृष्टीस पडतो.

अशा रस्त्यावरील एखाद्या घरासमोर केव्हातरी रात्री उशिरापर्यंत मोटारी येऊन थांबू लागतात. आलेला मनुष्य दाराशी जातो, दोन-चार मिनिटे थांबतो आणि निघून जातो. त्याची मोटार वळणाआड जाते न जाते तोच दुसरी येते. खिडक्यांचे पडदे दिवसादेखील ओढलेले असतात. शेजारी काही दिवस हे पाहतात, आपसांत कुजबुजतात आणि अखेरीस त्यांच्यापैकी कोणीतरी पोलिसांना दूरध्वनी करतो. त्या क्षणापासून पोलिसांच्या कामातील एक अत्यंत अवघड प्रकरण सुरू होते. ते अवघड का असते, त्यात शस्त्रांमुळे कोणते धोके निर्माण होतात आणि गेल्या काही दशकांच्या अनुभवाने कोणते धडे शिकविले आहेत, हे आपण येथे पाहणार आहोत.

घराचे प्रकार आणि शस्त्रांचे कारण

अंमली पदार्थांच्या व्यापारात घराचा उपयोग मुख्यतः तीन प्रकारे होतो. काही घरांत प्रत्यक्ष किरकोळ विक्री चालते. काही घरे केवळ साठ्यासाठी घेतलेली असतात; तेथे गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि म्हणूनच अशी घरे शेजाऱ्यांच्या नजरेस सहसा येत नाहीत. तिसऱ्या प्रकारच्या घरांत माल तयार होतो. तळघरात प्रखर दिव्यांखाली गांजाची लागवड केली जाते, किंवा स्वयंपाकघरात रसायनांपासून मेथॲम्फेटामिन बनविले जाते. १९८० नंतरच्या दशकात कोकेनपासून बनविलेले 'क्रॅक' नावाचे स्वस्त खडे बाजारात आले, तेव्हा पहिल्या प्रकारची घरे इतकी वाढली की 'क्रॅकचे घर' हा शब्द तेथील कायद्याच्या आणि वृत्तपत्रांच्या भाषेत रूढ झाला. आज फेंटॅनिल या कृत्रिम वेदनाशामकाने भय अधिक वाढविले आहे. २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी संयुक्त संस्थानांत अंमली पदार्थांच्या अतिसेवनाने प्रतिवर्षी एक लाखाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा घराविषयी तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याची चिंता अवाजवी नसते, हे या एका आकड्यावरून कळून येईल.

या घरांत शस्त्रे का असतात, याचे कारण व्यापाराच्या स्वरूपातच आहे. सामान्य दुकानदाराला कोणी लुबाडले तर तो पोलीस ठाण्यावर जातो. कोणी पैसे बुडविले तर दिवाणी न्यायालयात दावा लावतो. अंमली पदार्थ विकणाऱ्याला ही दोन्ही दारे बंद असतात. घरात रोकड आहे आणि मालही आहे. शिवाय लुटला गेलेला मनुष्य तक्रार करणार नाही, हे लुटारूंनाही ठाऊक असते. त्यामुळे विक्रेता स्वतःच स्वतःचा पहारेकरी होतो आणि उशाशी पिस्तूल बाळगतो. ते पिस्तूल बहुधा दुसऱ्या गुन्हेगाराच्या भीतीने ठेवलेले असते. परंतु अपरात्री दार धाडकन मोडले, तर आत येणारा लुटारू आहे की पोलीस, हे अंधारात ओळखण्यास त्याच्यापाशी दोन सेकंदांचाही अवधी नसतो. या विषयातील बहुतेक दुर्घटनांचे मूळ या एका वस्तुस्थितीत सापडते.

उंबरठ्याचे संरक्षण

अमेरिकी संविधानाची चौथी दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. अवाजवी झडतीपासून नागरिकाच्या देहाला, घराला, कागदपत्रांना आणि चीजवस्तूंना तिने संरक्षण दिले आहे. झडतीचे अधिपत्र, म्हणजे वॉरंट, देण्यापूर्वी गुन्ह्याविषयी सबळ कारण शपथेवर मांडले गेले पाहिजे, आणि कोणत्या जागेची झडती घ्यावयाची व कोणती वस्तू शोधावयाची हे त्यात नेमके नमूद असले पाहिजे, असे तिचे बंधन आहे. न्यायालयांनी या दुरुस्तीचा अर्थ लावताना घराला सर्वांत वरचे स्थान दिले आहे. रस्त्यावर थांबविलेल्या मोटारीची झडती पोलिसांना काही परिस्थितीत अधिपत्राविना घेता येते. घराच्या उंबरठ्याआड जाण्यास मात्र, तातडीचे अपवाद वगळता, न्यायाधीशाची सही लागते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की, नेहमीच्या परिस्थितीत संशयिताला त्याच्या घरात शिरून अटक करावयाची असली तरी पोलिसांपाशी अधिपत्र हवे.

मग शेजाऱ्याच्या संशयापासून न्यायाधीशाच्या सहीपर्यंतची वाट कशी चालावयाची? शिकागोजवळच्या ब्लूमिंगडेल या उपनगरातील एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७८ च्या मे महिन्यात तेथील पोलिसांच्या हाती एक निनावी पत्र पडले. गावातील एक दांपत्य अंमली पदार्थ विकून उपजीविका करते, असे त्यात लिहिले होते. पत्नी मोटार घेऊन फ्लॉरिडात जाते, तेथे मोटारीत माल भरला जातो, पती विमानाने जाऊन ती मोटार परत आणतो, आणि घराच्या तळघरात एक लाख डॉलरहून अधिक किमतीचा माल आहे, असाही तपशील त्यात होता.

निनावी पत्र कोणीही, कोणत्याही द्वेषाने लिहू शकतो. म्हणून पोलिसांनी थेट घरावर चाल केली नाही. त्यांनी विमानाच्या आरक्षणाची चौकशी केली, तेव्हा पती दोनच दिवसांनी फ्लॉरिडास निघणार असल्याचे आढळले. तेथे त्याच्यावर नजर ठेवण्यात आली. तो पत्नीच्या नावे घेतलेल्या खोलीत उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही मोटारीने उत्तरेकडे निघाले. पत्रातील भाकीत बव्हंशी खरे ठरल्यावर पोलिसांनी ही सर्व हकीकत न्यायाधीशापुढे शपथेवर मांडली आणि अधिपत्र मिळविले. मोटार घरी पोहोचली तेव्हा पोलीस वाट पाहत उभे होते. तिच्या मागच्या कप्प्यात सुमारे ३५० पौंड गांजा निघाला. घरातही गांजा आणि शस्त्रे सापडली.

राज्याच्या न्यायालयांनी हा पुरावा अग्राह्य ठरविला होता. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. केवळ निनावी पत्रावर अधिपत्र देता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु पत्र आणि पोलिसांनी स्वतंत्रपणे केलेली पडताळणी यांचा समग्र परिस्थितीच्या दृष्टीने एकत्र विचार केला पाहिजे, असा नियम घालून दिला. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, घरात शस्त्रे असूनही गोळी झाडण्याचा प्रसंग आला नाही. पोलिसांनी योग्य वेळेची वाट पाहिली आणि संशयित घराबाहेर असतानाच त्यांना गाठले.

कुंपणाबाहेरून काय पाहता येते

अधिपत्र मिळण्यापूर्वी पोलिसांना घराविषयी किती माहिती काढता येते, हा प्रश्न उपनगरांतील प्रकरणांमुळेच वारंवार न्यायालयांपुढे आला. त्यावरील चार निर्णय एकत्र पाहिले असता सीमारेषा बरीचशी स्पष्ट होते.

कॅलिफोर्नियातील लगूना बीच येथे १९८४ मध्ये एका घरासमोर रात्री बऱ्याच मोटारी येतात आणि काही मिनिटांत निघून जातात, अशी तक्रार शेजाऱ्याने केली. तपास करणाऱ्या अधिकारी स्त्रीने नेहमीच्या कचरागाडीवाल्यास त्या घराच्या कचऱ्याच्या पिशव्या वेगळ्या ठेवून आपल्याकडे देण्यास सांगितले. त्यांत अंमली पदार्थांच्या वापराच्या खुणा मिळाल्या आणि त्यांच्या आधारे अधिपत्र घेण्यात आले. रस्त्याच्या कडेला टाकलेल्या कचऱ्यावर घरमालकाचा खाजगीपणाचा हक्क उरत नाही, असे १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्याच राज्यातील सांता क्लारा येथे एका परसाभोवती दुहेरी उंच कुंपण होते, म्हणून पोलिसांनी एक हजार फूट उंचीवरून विमानातून पाहणी केली आणि आत गांजाची रोपे ओळखली. १९८६ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही पाहणीही ग्राह्य धरली. आकाशातून जाणाऱ्या कोणासही जे दिसू शकते ते पोलिसांनी पाहिल्यास झडती होत नाही, असे त्यामागील तत्त्व होते.

याच्या उलट दिशेचे निर्णयही तितकेच महत्त्वाचे आहेत. ऑरेगनमधील फ्लॉरेन्स येथे अधिकाऱ्यांनी रस्त्यावरून उष्णता टिपणाऱ्या यंत्राने एका घराची पाहणी केली. छताचा आणि एका भिंतीचा भाग अधिक तप्त दिसला, त्यावरून आत लागवडीचे दिवे असावेत असा तर्क बांधला गेला. तो खराही निघाला. तथापि २००१ मध्ये न्यायालयाने ठरविले की, सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घराच्या आतील गोष्टी जाणून घेणे ही झडतीच होय आणि तिला अधिपत्र हवे. पुढे २०१३ मध्ये फ्लॉरिडातील एका प्रकरणात हाच न्याय कुत्र्याला लावण्यात आला. पाहुणा किंवा फिरता विक्रेता दारापर्यंत येऊन कडी वाजवू शकतो, तसा पोलीसही येऊ शकतो. परंतु वास घेणारे प्रशिक्षित श्वान घेऊन घराच्या पडवीत पुरावा शोधण्याची परवानगी कोणत्याही घरमालकाने गृहीत धरलेली नसते.

या प्रकरणांतील गांजा आज इलिनॉय, कॅलिफोर्निया व ऑरेगन या राज्यांच्या कायद्यानुसार प्रौढ व्यक्तींना ठराविक मर्यादेत बाळगता येतो. त्यामुळे त्या खटल्यांतील गुन्हा काहीसा जुना वाटेल. परंतु घराविषयी त्यांत घालून दिलेले नियम आजही सर्व अंमली पदार्थांना लागू आहेत.

खबऱ्या आणि शपथपत्र

बाहेरून मिळालेली माहिती पुरेशी नसेल तर पोलीस बहुधा 'नियंत्रित खरेदी'चा मार्ग अवलंबितात. एखाद्या खबऱ्याची प्रथम कसून तपासणी केली जाते, म्हणजे त्याच्यापाशी आधीपासून माल वा पैसा नाही याची खात्री होते. त्याला क्रमांक टिपून ठेवलेल्या नोटा दिल्या जातात. तो घरात जाताना आणि बाहेर येताना पोलीस दुरून पाहत असतात. बाहेर येताच त्याची पुन्हा तपासणी होते आणि त्याने आणलेला माल ताब्यात घेतला जातो. कोणती तारीख, कोणती वेळ, आत कोण होते, शस्त्र दिसले काय, हे सारे शपथपत्रात उतरते आणि ते न्यायाधीशापुढे जाते.

ही पद्धत काटेकोरपणे पाळली तर उत्तम आहे. परंतु तिचा दुबळा दुवाही उघड आहे. खबऱ्या हा बहुधा स्वतःच गुन्ह्यात सापडलेला, शिक्षेत सूट मिळविण्यासाठी किंवा पैशासाठी काम करणारा मनुष्य असतो. न्यायाधीश त्याला पाहत नाही. तो पाहतो फक्त पोलीस अधिकाऱ्याची शपथ. ती शपथ खोटी असेल, तर संविधानाने उभे केलेले सारे संरक्षण एका सहीसरशी कोसळते.

दार उघडण्याचे काही क्षण

अधिपत्र हाती आल्यानंतरही पोलिसांनी दार ठोठावून, आपण कोण व कशासाठी आलो हे सांगून, थोडे थांबावे, असा इंग्लंडच्या परंपरेतून आलेला जुना नियम आहे. तो संविधानाच्या संरक्षणाचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले. अंमली पदार्थांच्या घरांनी या नियमाची मोठी कसोटी पाहिली. सूचना द्यावी तर तेवढ्या वेळात माल संडासात ओतून नाहीसा होतो, आणि आतला मनुष्य शस्त्र उचलतो; सूचना न द्यावी तर तोच मनुष्य पोलिसांना लुटारू समजून गोळी झाडतो.

१९९७ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितले की, गुन्हा अंमली पदार्थांचा आहे एवढ्यावरून सूचनेचा नियम सरसकट बाजूला ठेवता येणार नाही. त्या विशिष्ट घरात धोका आहे किंवा पुरावा नष्ट होणार आहे, असा वाजवी संशय दाखविला पाहिजे. २००३ मधील लास व्हेगासच्या प्रकरणात पोलीस ठोठावून पंधरा ते वीस सेकंद थांबले आणि मग दार फोडून आत गेले. रहिवासी त्या वेळी स्नान करीत होता. त्याला काहीच ऐकू आले नव्हते. आत क्रॅक आणि शस्त्रे मिळाली. दारापर्यंत यावयास किती वेळ लागेल हा प्रश्न नसून माल नष्ट करावयास किती वेळ पुरेल हा आहे, असे सांगून न्यायालयाने तेवढे थांबणे पुरेसे मानले. २००६ मध्ये तर, सूचनेचा नियम मोडला गेला तरी त्या कारणाने पुरावा रद्द होणार नाही, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. नियम शिल्लक राहिला, पण तो मोडल्याबद्दल खटल्यात भोगावी लागणारी किंमत नाहीशी झाली.

या सैल झालेल्या नियमाला खोट्या शपथेची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे त्याच वर्षी अटलांटा येथे दिसून आले. रस्त्यावर पकडलेल्या एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून पोलिसांनी एका घराचे अधिपत्र मिळविले. खबऱ्याने तेथे खरेदी केली असे शपथपत्रात म्हटले होते. प्रत्यक्षात अशी खरेदी झालीच नव्हती. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पोलीस सूचना न देता दार तोडू लागले. आत ९२ वर्षांच्या कॅथरिन जॉन्स्टन एकट्या राहत होत्या. चोर आले असे समजून त्यांनी आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरमधून एक गोळी झाडली. पोलिसांनी ३९ गोळ्या झाडल्या आणि त्या वृद्धेचा अंत झाला. नंतर घरात गांजा लपवून पुरावा उभा करण्याचा प्रयत्न झाला. ज्या खबऱ्याच्या नावावर खरेदी दाखवावयाची होती, त्याने खोटे बोलण्यास नकार दिला, म्हणून हे उघडकीस आले. २००९ मध्ये तिघा अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

१२ वर्षांनंतर, २८ जानेवारी २०१९ रोजी, ह्यूस्टन येथे जवळजवळ तीच कथा पुन्हा घडली. शेजारणीची खोटी तक्रार, खबऱ्याने हेरॉईन घेतल्याचे खोटे शपथपत्र, सूचनेविना प्रवेश. घरातील पती-पत्नी ठार झाली, चार पोलिसांना गोळ्या लागल्या, आणि हेरॉईन मुळीच सापडले नाही. शपथपत्र करणारा अधिकारी २०२४ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरला आणि त्याला ६० वर्षांची शिक्षा झाली. मधल्या काळात, मार्च २०२० मध्ये, लुईव्हिल येथे ब्रिओना टेलर ही २६ वर्षांची तरुणी अशाच मध्यरात्रीच्या धाडीत मारली गेली. तिच्या मित्राने दाराच्या दिशेने एक गोळी झाडली होती. घरात अंमली पदार्थ सापडले नाहीत. त्याच वर्षी लुईव्हिल शहराने आणि व्हर्जिनिया राज्याने सूचनेविना प्रवेशाच्या अधिपत्रांवर बंदी घातली.

शस्त्र आणि शिक्षा

अंमली पदार्थ आणि शस्त्र एकाच घरात सापडले तर संघीय कायदा त्यांना दोन वेगळे गुन्हे मानतो. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यातील एका कलमाचा १९८६ मध्ये विस्तार होऊन ते अंमली पदार्थांच्या व्यापारास स्पष्टपणे लागू झाले. या कलमाखाली किमान पाच वर्षांची शिक्षा होते. शस्त्र उगारले तर सात आणि झाडले तर दहा वर्षे हे तिचे किमान प्रमाण आहे. आणि ती मूळ गुन्ह्याच्या शिक्षेनंतर स्वतंत्रपणे भोगावी लागते. त्याच १९८६ साली झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने, अंमली पदार्थ बनविण्यासाठी, विकण्यासाठी वा सेवनासाठी जाणूनबुजून घर चालविणाऱ्यास वीस वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली.

परंतु घरात शस्त्र 'असणे' आणि त्याचा 'वापर करणे' यांत फरक आहे काय? कपाटात कुलूपबंद पडलेले पिस्तूल व्यापारासाठी 'वापरले' असे म्हणता येईल काय? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. वापर म्हणजे प्रत्यक्ष सक्रिय उपयोग, असे ते म्हणाले. त्यावर १९९८ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि गुन्ह्यास साहाय्यभूत होईल अशा रीतीने शस्त्र बाळगणेही शिक्षापात्र केले. म्हणून आज झडतीत पिस्तूल मिळाले म्हणजे पोलीस केवळ ते जप्त करून थांबत नाहीत. ते मालाच्या किती जवळ होते, भरलेले होते काय, रोकड कोठे होती, शिकारीची बंदूक होती की सहज हाती येणारे पिस्तूल, याची छायाचित्रांसह नोंद होते. बंदूक बाळगणे हा त्या देशात सामान्य नागरिकाचा संविधानदत्त हक्क आहे. त्यामुळे ती व्यापाराशी जोडलेली होती हे पुराव्याने सिद्ध करावे लागते.

धाडीनंतरचे दिवस

धाड यशस्वी झाली, माल आणि शस्त्रे मिळाली, माणसे पकडली गेली. पण रस्त्याचे पुढे काय होते? याचे पद्धतशीर उत्तर मिझूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे शोधण्यात आले. ही वस्ती उपनगरी नव्हे. तरी प्रश्न तोच होता. लॉरेन्स शर्मन आणि डेनिस रोगन या अभ्यासकांनी पोलिसांच्या सहकार्याने क्रॅकच्या घरांमुळे त्रस्त असलेले २०७ गाळे, म्हणजे चौकाचौकांमधील रस्त्यांचे भाग, निवडले. त्यांपैकी ९८ भागांतील घरांवर अधिपत्रानिशी धाडी घालण्यात आल्या. उरलेले भाग तुलनेसाठी तसेच ठेवले गेले. कोठे धाड घालावयाची हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरविले होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, धाडींनी गुन्हे आणि तक्रारी घटल्या खऱ्या. परंतु ही घट अल्प होती आणि ती लवकरच ओसरली.

त्याच शहरात जुलै १९९२ ते जानेवारी १९९३ या २९ आठवड्यांत दुसरा प्रयोग झाला. बंदुकीच्या गुन्ह्यांनी ग्रासलेल्या एका लहान विभागात, ठराविक रात्री जादा गस्त ठेवून, पोलिसांनी केवळ बेकायदा बाळगलेल्या शस्त्रांवर लक्ष केंद्रित केले. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्या मोटारी थांबविताना कायदेशीर कारण आढळले तर शस्त्र शोधले जाई. जप्त शस्त्रांचे प्रमाण ६५ टक्क्यांनी वाढले आणि बंदुकीचे गुन्हे ४९ टक्क्यांनी घटले. विशेष हे की, एकही दार फोडावे लागले नाही. अर्थात अशा थांबविण्यात वर्णभेद व छळ शिरण्याचा धोका असतो आणि त्यावर अमेरिकेत पुढे कडक टीकाही झाली, हे नमूद केले पाहिजे.

घरमालक, वस्ती आणि कुटुंब

विक्रीची अनेक घरे भाड्याची असतात. एक विक्रेता तुरुंगात गेला तरी घर तेथेच राहते आणि दुर्लक्ष करणारा मालक मिळाला की दुसरा विक्रेता येतो. म्हणून सॅन डिएगो येथे पोलिसांनी अंमली पदार्थांबाबत कारवाई झालेल्या १२१ भाड्याच्या मिळकती घेतल्या. काही मालकांना केवळ पत्र पाठविले, काहींना प्रत्यक्ष भेटीस बोलावून उपद्रवाबद्दल दिवाणी दाव्याची जाणीव दिली, आणि उरलेल्यांच्या बाबतीत काहीच केले नाही. ज्यांची भेट घेतली त्यांच्या मिळकतींवरील गुन्हे पुढील सहा महिन्यांत घटल्याचे आढळले. ओकलंड येथे १९८८ पासून पोलीस अधिकारी आणि नगरपालिकेचे निरीक्षक एकत्र जाऊ लागले. तुटलेली वीजजोडणी, आगीचा धोका, साचलेला कचरा यांबद्दल मालकाला नोटिसा मिळत आणि घर सुधारणे किंवा भाडेकरू बदलणे त्याला भाग पडे.

हा मार्ग रक्तपात टाळतो, परंतु निर्दोष नाही. ओकलंडमध्येच सार्वजनिक घरांत राहणाऱ्या काही वृद्ध भाडेकरूंना, त्यांच्या नातवंडांनी वा नोकराने अंमली पदार्थ बाळगले म्हणून, घर सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या होत्या. आपल्याला याची कल्पना नव्हती, हे त्यांचे म्हणणे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले नाही. दिवाणी उपायही बेपर्वाईने वापरला तर तो अपराध्याऐवजी त्याच्या आजीला रस्त्यावर आणतो.

नॉर्थ कॅरोलायनातील हाय पॉइंट या शहराने २००४ मध्ये आणखी एक वाट दाखविली. तेथील एका वस्तीत पोलिसांनी प्रथम गुप्त खरेदी करून सर्व विक्रेत्यांविरुद्ध पुरावा तयार केला. हिंसक इसमांना सरळ अटक झाली. उरलेल्यांना त्यांच्या आईवडिलांसह आणि शेजाऱ्यांसह एका सभेस बोलावण्यात आले. तुमच्याविरुद्धचा खटला तयार आहे, पण आज आम्ही अटक करणार नाही. विक्री आज थांबवा, काम आणि मदत देण्यास आम्ही तयार आहोत, असे त्यांना सांगण्यात आले. त्या वस्तीतील उघडा बाजार बंद झाला आणि पुढे इतर अनेक शहरांनी ही पद्धत स्वीकारून पाहिली. यश सर्वत्र सारखे आले नाही.

या सर्व अनुभवांतून निघणारा बोध साधा आहे. मध्यरात्री दार फोडणे हा पोलिसांच्या कामातील सर्वांत दृश्य भाग असतो. त्याचा परिणाम मात्र थोडे दिवस टिकतो आणि त्यातील चूक कधीच दुरुस्त होत नाही. ब्लूमिंगडेलच्या पोलिसांपाशी एक निनावी पत्र होते. अटलांटाच्या पोलिसांपाशीही एका अनोळखी माणसाचे सांगणे होते. पहिल्यांनी ते पडताळून पाहिले, दुसऱ्यांनी ते पडताळल्याचे केवळ लिहिले. त्या शांत रस्त्यावर पडद्याआडून पाहणाऱ्या शेजाऱ्याला सुरक्षितता हवी असते, आणि तिचा त्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु उद्या चुकून त्याच्याच दारावर धडक बसू नये, ही हमीही त्या सुरक्षिततेत मोडते. ती हमी देण्याचे काम शपथपत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या मेजावर, दार उघडण्याच्या कितीतरी आधी, सुरू होते.